दिवेलागणीची लाजाळू

परवा नंदू लाजाळूची कुंडी घेऊन आला. नंदू म्हणजे माझा धाकटा भाऊ. सत्तरी ओलांडली, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी माझ्या तोंडात नंदूच. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात पंप जुळवण्यात त्याचा जन्म गेला. आता रिकामा आहे, म्हणजे सकाळी पोहे-जलेबी खाऊन गावभर हिंडायला मोकळा आहे. श्रावण लागला की काहीतरी हिरवं विकत घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. दरवर्षी त्याची बायको ते झाड माझ्याकडे पाठवून देते, कारण त्यांच्या गच्चीत आता पाय ठेवायला जागा नाही.

‘ताई, नर्सरीवाल्याकडे दिसली, तर उठा लाया,’ तो म्हणाला. ‘अरे यार, पूर्ण इंदौर पालथं घातलं तरी ही मिळत नाही आजकल. लोकांना वो मनी प्लांटच हवं.’

त्याने कुंडी खिडकीत ठेवली आणि लगेच बोट पुढे केलं. मी त्याचा हात धरला. ‘थांब. आधी जरा बघू दे तिला.’

लाजाळूला हात लावणं निराळं आणि लाजाळू बघणं निराळं. हात सगळेच लावतात. पानं मिटली की हसतात आणि निघून जातात. पण तिच्यासमोर पाट टाकून बसलं, डोळे जागेवर ठेवले, आणि एका पानाच्या अगदी शेंड्याला केसाइतका स्पर्श केला, तर जे दिसतं त्याने मी आज ऐंशीच्या पुढे गेले तरी गप्प होते. आधी टोकाची दोन पानुली एकमेकींकडे बघून वर उठतात आणि मिटतात. मग त्यांच्या मागची जोडी. मग तिच्या मागची. कुणी हाक मारत नाही, कुणी ढकलत नाही, तरी एकीला कळलेलं दुसरीला कळत जातं. बुडाशी पोचल्यावर क्षणभर काहीच होत नाही. आता संपलं असं वाटतं, आणि तेवढ्यात सगळा देठच खांद्यातून हात गळावा तसा खाली येतो. मी हे किती वेळा पाहिलं असेल त्याला हिशोब नाही. दर वेळी त्या क्षणभराच्या थांबण्यापाशी माझाही श्वास थांबतो.

परवाही थांबला. नंदूचासुद्धा थांबला, मी पाहिलं.

‘हायड्रॉलिक आहे सब,’ तो मग म्हणाला. अण्णांचा मुलगा शोभतो खरा.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, नळखात्यात होते. आम्ही तेव्हा जुन्या इंदुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. पुढे रस्ता, मागे पडवी, पडवीला गुडघाभर उंचीचा कठडा, आणि कठड्यापलीकडे उतार. ते मध्यभारताचे दिवस होते. होळकरांचं राज्य जाऊन नवं राज्य आलेलं, आणि त्या राज्याला राजधान्या दोन. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं, पण खरंच उन्हाळा लागला की सगळं सरकार उठून इकडे यायचं. फायली यायच्या, पेट्या यायच्या, कारकून यायचे, कारकुनांच्या बायका वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या सांभाळत यायच्या. आमची घरमालकीण वरची खोली त्यांच्यासाठीच राखून ठेवायची. ‘सरकार आ गई’ असं ती म्हणायची, आणि आमच्या लेखी सरकार म्हणजे वरच्या चांदोरकर काकू.

काकूंना मूलबाळ नव्हतं, पण ग्वाल्हेरच्या घरी त्यांची बाग होती. दर उन्हाळ्यात ती सोडून यावं लागे, म्हणून त्या रुमालाच्या गाठीत बिया बांधून हिंडायच्या. त्या वर्षी त्यांनी गाठ सोडली आणि माझ्यापुढे धरली. मी तेरा वर्षांची होते.

‘घे कुमुद, हव्या तेवढ्या घे. आपला हात जगन्नाथ. पण रात्रभर गरम पाण्यात ठेव हं, बड़ी ज़िद्दी असते ही. हिची साल भिजल्याशिवाय बाहेर डोकावत नाही.’

मी तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. अण्णांनी खिळ्याने बुडाला भोकं पाडून दिली. आई लांबून बघत होती. ‘मला नका सांगू पाणी घालायला,’ ती म्हणाली. ‘माझ्या हाताला झाड धरत नाही.’ हे ती नेहमीच म्हणायची, जसं कुणी म्हणतं मला गोड सोसत नाही. आमच्या घरात झाड म्हणून एक तुळस होती आणि तिलाही पाणी अण्णा घालायचे. घरोघरी बायका तुळशीला पाणी घालतात आणि आमच्याकडे हा तांब्या घेतलेला बाप्या, याचं मला कधी नवल वाटलं नाही. आपल्या घरात चालतं तेच सगळ्या जगात चालतं असं लहानपणी वाटत असतं.

रोपं वर आली ती अगदी साधी, दोन जाड पानांची. मी शाळेतून आले की दप्तरासकट त्यांच्यापाशी. त्या पहिल्या पानांना बोट लावून बघायचे, काही व्हायचं नाही. मग एक दिवस मधून खरं पान फुटलं, नखाएवढं, आणि मी त्याच्यावर नुसती फुंकर घातली तर ते मिटलं. मी पडवीतून ओरडत सुटले. आई कणकेचे हात घेऊन आली, काय चावलं म्हणून.

‘मिटलं, आई. फुंकरीने मिटलं.’

‘त्यात ओरडायचं काय? लाजाळू ती. मिटायचीच,’ आई म्हणाली, पण जाताना वळून तिने एकदा बघितलं होतं.

पाऊस बसला तशी लाजाळू भसाभस वाढली आणि डब्याच्या कडेवरून खाली लोंबू लागली. मी डबा कठड्यावर ठेवला होता. गल्लीतली पोरं येऊन तिला छळायची. मला तिची कीव यायची आणि मीही छळायचे. पण माझा खरा प्रश्न निराळा होता. हिला हात नाहीत, डोळे नाहीत, आमच्यासारखं मांस नाही. मग ही हलते कशाने? मी अण्णांना विचारलं.

अण्णांना जगातल्या बहुतेक गोष्टी पाण्याच्या दाबाने समजायच्या. आई चिडली तरी म्हणायचे, ‘आज प्रेशर ज़्यादा आहे, व्हॉल्व्ह कुणी छेडू नका.’ त्यांनी चष्मा वर केला आणि उदबत्तीच्या काडीने देठाचं बूड दाखवलं.

‘ही गाठ दिसते? सारा खेल इथला आहे. हिच्यात पाण्याच्या बारीक बारीक पिशव्या भरलेल्या असतात. खालच्या पिशव्या टम्म आहेत तोवर देठ वर. तू हात लावलास की त्या आपलं पाणी सोडतात. दाब गेला, देठ खाली. उन्हाळ्यात आमचे लोक रस्त्यावर पाणी मारतात तो कॅनव्हासचा पाइप पाहिलाय ना? पाणी आलं की ताठ, बंद केलं की चिंधी. वैसे ही.’

‘पण पाणी जातं कुठे, अण्णा? सांडलेलं तर दिसत नाही.’

‘सांडेल कसं? शेजारच्या घरात जातं. शेजाऱ्याकडे ठेवायला द्यावं तसं. गडबड मिटली की ही परत मागून घेते.’

मग त्यांनी उदबत्ती पेटवली आणि तिचं लाल टोक एका पानाच्या शेंड्याजवळ नेलं. लावलं नाही, नुसतं जवळ नेलं. पान टोकाकडून मिटत बुडापर्यंत आलं, देठ खाली पडला. आणि मग, वरच्या पानाजवळ कुणी गेलेलंही नव्हतं, तरी त्याच फांदीवरचा वरचा देठ पडला. मग त्याच्या वरचा. आम्ही दोघं मागे सरकून बसलो होतो. सबंध फांदीत ती खबर चालत गेली आणि कुठे वाजलं नाही की कुठे दिसलं नाही.

‘हे कसं?’ मी विचारलं.

अण्णांनी उदबत्ती बाजूला धरली. ‘हे पाण्याने पूर्ण नाही होत,’ ते म्हणाले. ‘जरा बिजलीसारखं काही असतं म्हणतात हिच्यात. आपल्याला नाही माहीत, बेटा.’ नळखात्याच्या माणसाने पाण्याची हद्द मान्य केलेली मी ती एकदाच ऐकली.

आणखी एक गोष्ट त्या पावसाळ्यात मी पाहिली. पडवीच्या कौलांतून एक धार ठिबकायची आणि वारं फिरलं की तिचे थेंब नेमके लाजाळूवर पडायचे. पहिल्या थेंबाला ती मिटली. उघडली, दुसऱ्याला मिटली. मी म्हटलं, आता दिवसभर हिचा हाच धंदा. पण दुपारी येऊन बघते तर थेंब पडतायत, पान खाली दबतंय, वर येतंय, आणि मिटत नाहीये. तिला कळलं होतं की हे नुसतं पाणी आहे, आपल्याला काही करत नाही. मी त्याच पानाला बोट लावलं तर ते चटकन मिटलं. म्हणजे थकली नव्हती. थेंब आणि बोट यांतला फरक तिला येत होता. डोकं नसलेलं झाड शिकतं, आणि मला वर्गातल्या बाई रोज म्हणायच्या की तुझ्या डोक्यात काही शिरत नाही.

त्याच श्रावणात एका सकाळी मला कावळा शिवला. आमच्या घरांमधून बायकांच्या महिन्याच्या अडचणीला हाच शब्द होता. आजच्या मुलींना सांगितलं तर हसतात, आणि हसावंच. पण तेव्हा त्याचा अर्थ असा की तीन दिवस बाजूला बसायचं आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. आईला मी दर महिन्याला पडवीच्या एका कोपऱ्यात सतरंजीच्या तुकड्यावर बसलेलं पाहिलं होतं. तेव्हा अण्णा पिठलं-भात करायचे आणि आम्हाला ते आवडायचं. आपणही एक दिवस त्याच सतरंजीच्या तुकड्यावर बसू हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आई रागावली नाही. उलट आवाज खाली आणून, लांब उभी राहून, एकेक सांगत गेली. ‘कुणाला शिवायचं नाही. चुलीकडे, देवाकडे, लोणच्याच्या बरणीकडे यायचं नाही. झाडाला हात लावायचा नाही, झाडं जळतात.’

‘लाजाळूसुद्धा?’

‘का, ती झाड नाही?’

डबा माझ्यापासून हातभर अंतरावर कठड्यावर होता. तो हलवायचं आईला सुचलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही.

ते पहिले दिवस मला जसेच्या तसे आठवतात. आई ताट खाली ठेवून मागे व्हायची, मग मी ते ओढून घ्यायचे. पाणी उंचावरून तांब्यात ओतायची. माझे केस कुणी विंचरले नाहीत. नंदू तेव्हा नुकताच चालायला लागला होता आणि ताई दिसतेय पण हाती लागत नाही म्हणून उंबऱ्यावर भोकाड पसरायचा. शेवटी आईने त्याचं अंगडं-टोपडं सगळं उतरवलं आणि त्याला उघडाबंब माझ्याकडे सोडला, कारण विटाळ लागतो तो कापडाला, नागड्या पोराला नाही. हे शास्त्र कुणी काढलं देव जाणे, पण ज्याने काढलं त्याला लहान मूल होतं एवढं नक्की. नंदू माझ्या मांडीवर येऊन बसला आणि मला इतकं बरं वाटलं की मी रडले. परवा ही गोष्ट मी त्याला पुन्हा सांगितली तर म्हणाला, ‘ताई, नातवंडांसमोर नको बोलूस यार, इज़्ज़तीचा फालूदा होतो.’

पण एकदा का नंदूला आत नेलं की मी एकटी. माणसाला कुणी शिवत नाही म्हणजे काय होतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. दुखत काही नाही. पण दुसऱ्या दिवसापर्यंत मला माझे हात परके वाटू लागले. मी ते मांडीवर ठेवून बघत बसायचे. तेच हात, तीच नखं. यांच्यात कालपासून असं काय आलं की यांनी झाड जळावं? हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घोंघावत होता. कुणाला विचारणार? विचारायची गोष्टच नव्हती ती.

पहिल्या संध्याकाळी मी रडून दिवेलागणीच्या आधीच झोपून गेले होते. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी पुढच्या खोलीत दिवा लागला. रोज दिवेलागणीला आम्ही देवापुढे बसून परवचा म्हणायचो, पाढे आणि श्लोक, आईच्या मागोमाग. त्या दिवशी आतून आईचा एकटीचा आवाज येत होता आणि मध्येच नंदूचं बोबडं. मी पडवीत होते. पाऊस थांबला होता, उजेड जेमतेम होता. मी हात पुढे केला आणि लाजाळूला शिवले.

एका पानाला नाही. सगळा तळवा तिच्यावरून फिरवला. ती मिटली, देठ पडले, आणि मला कळलं की दोन दिवसांत माझ्या हाताला उत्तर देणारं हे पहिलंच कुणीतरी होतं. मी आनंदाने वाट बघत राहिले, ती उघडेल म्हणून. एरवी भाताला वाफ येईपर्यंत ती पुन्हा उभी राहायची. परवचा संपला, तरी ती मिटलेली. आत ताटं वाढल्याचा आवाज आला, तरी मिटलेली. अंधार पडला. मी चाचपून पाहिलं, एकूण एक पान चिंचेच्या शेंगेसारखं बंद आणि देठ खाली लोंबलेले. जळली. मी जाळली.

आई कंदील आणि ताट घेऊन आली. उजेड कठड्यावर पडला आणि तिने डबा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

‘आई, उघडत नाही,’ मी म्हणाले.

ती ओरडेल म्हणून मी मान खाली घातली होती. ती ओरडली नाही. ताट ठेवून ती उंबऱ्यावर बसली, माझ्यापासून लांब, आणि कंदील मध्ये.

‘धारला आमच्या अंगणात मोगरा होता,’ ती म्हणाली. ‘माझ्या आईने लावलेला. तुझ्याएवढीच होते मी. पहिल्यांदाच बसले होते. समोर इतका फुललेला, की मला राहवलं नाही. एकच फूल काढलं. आठ दिवसांत वाळून कोळसा झाला बघ तो. घरात कुणी काही म्हणालं नाही, सगळे नुसते माझ्या हाताकडे बघायचे. तेव्हापासून मी कशाला हात लावत नाही. बाजूला नसले तरी नाही.’ तिने कंदिलाची वात खाली केली. ‘काहींच्या हातालाच असतं ते. मला वाटलं होतं, तुझ्या हाताला नसेल.’

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला त्यापेक्षा मार परवडला असता. अण्णा त्या रात्री कामावर होते. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की त्यांना तिकडेच थांबावं लागे. मी जेवले नाही, आणि आईने जेव म्हटलं नाही.

झोप लागली होती मला. पोरवय ते, झोप कुणाला चुकते? जाग आली तेव्हा उजाडत होतं आणि मी आधी डब्याकडे पाहिलं. देठ वर उठलेले होते. पानं अजून अर्धवट होती, आणि मी पाहत असताना ती उघडत होती. मिटताना जोडीजोडीने मिटायची, उघडताना मात्र सगळी मिळून, इतकी सावकाश, की उघडताना दिसत नव्हती, उघडलेली मात्र दिसत होती. मी हाक मारली नाही. आई मोरीकडे जायला म्हणून बाहेर आली आणि बादली हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिली.

तेवढ्यात मागच्या दाराने अण्णा आले. भिजलेली छत्री, चिखलाने भरलेले पाय. आम्हा दोघींना डब्यासमोर पुतळ्यासारख्या पाहून ते म्हणाले, ‘क्या हुआ?’

‘काल संध्याकाळी मिटली ती उघडलीच नाही रात्रभर,’ आई म्हणाली. मी हात लावल्याचं तिने सांगितलं नाही. ‘आता उघडली.’

‘अगं, झोपते ती,’ अण्णा पाय धुता धुता म्हणाले. ‘रोज झोपते. दिवेलागणीला मिटते, सकाळी उठते. कुणी हात लावो न लावो. मी येतो ना रोज मागच्या दाराने, पाहतो की. तेव्हा तुम्ही आत परवचा म्हणत असता.’

‘रोज?’ आईने विचारलं. बाजूला बसली तरी ती झाडांकडे पाठ करूनच बसायची.

‘रोज.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. घरातल्या एका माणसाला ठाऊक होतं आणि त्याला वाटलं, हे काय सांगायचं. आणि मला जर बाजूला बसवलं नसतं, तर मीही दिवा लावून पाढे म्हणत बसले असते आणि लाजाळूची झोप मला कधी दिसली नसती. मी अण्णांकडे आणि मग माझ्या हातांकडे बघत होते. ते हात पुन्हा माझे झाले होते. त्या सकाळी मला जे वाटलं त्याला आनंद म्हणणं कमी पडेल. एक एवढंसं झाड सूर्य मावळल्याचं ओळखतं, उगवल्याचं ओळखतं, थेंब ओळखतं, धग ओळखतं. आणि मी बाजूला बसलेली आहे की नाही, एवढं मात्र ओळखत नाही. त्याला ते ओळखण्यासारखं वाटतच नाही.

आई मात्र बादली घेऊन गेली. एका सकाळीत तिचं मन पालटलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं काही झालं नाही. दुपारी ताट सरकवताना ती म्हणाली, ‘ती रानातली. काटक असते. मोगरा नाजूक.’ अंतर ठेवून पुन्हा मागे झाली.

परवा नंदू गेल्यावर मी खिडकीपाशी खुर्ची ओढून संध्याकाळपर्यंत बसले. आता दिवेलागण नावाची वेळ राहिलेली नाही. खालच्या रस्त्यावर सगळे दिवे एकदम लागतात, समोरच्या दुकानाची निळी पाटी रात्रभर जळते, आणि मला धास्ती होती की या उजेडात ही झोपायची कशी. पण तिची वेळ झाली आणि ती मिटली. तिच्याकडे स्वतःचं काही घड्याळ असावं. चांदोरकर काकूंचं सरकार आधी दोन गावांत हिंडत होतं, मग ते राज्यच एका मोठ्या राज्यात मिसळलं, राजधानी भोपाळला गेली आणि वरची खोली उन्हाळ्यात रिकामी राहू लागली. काकूंची पुन्हा भेट झाली नाही. त्यांनी दिलेल्या बियांच्या बिया आम्ही बरीच वर्षं धरल्या, पुढे कधीतरी खंड पडला. मी पोस्टाच्या खिडकीवर आयुष्य काढलं, हजारो माणसांच्या हातांतून पैसे-तिकिटं घेतली-दिली, आणि कोणता हात कसा आहे हे मला कधी ओळखता आलं नाही.

आमच्या दारात पुढच्या उन्हाळ्यात मोगरा आला. आईने स्वतः लावला, स्वतः पाणी घातलं. अण्णांच्या हातात तांब्या फक्त तुळशीपुरता उरला. तो मोगरा आईच्या मागेही पुष्कळ वर्षं फुलत होता. पण तो आला कसा, ते मी अजून सांगितलं नाही.

भाद्रपदातली गोष्ट. आई बाजूला बसली होती, त्याच कोपऱ्यात. अण्णा कामावर, नंदू झोपलेला. चुलीवर भात टाकून मी काहीतरी विचारायला पडवीच्या दाराशी आले आणि तिथेच थांबले. दुपार होती, लखलखीत ऊन पडलं होतं, आणि आईचा हात कठड्यावर होता.

तिने बोट पुढे केलं, मागे घेतलं. पुन्हा पुढे केलं. मग एकदम, तव्याला हात लावून बघावा तसं, एका पानाला लावलं. पान मिटत गेलं, देठ पडला. आईने हात पदराखाली लपवला आणि बघत राहिली. ती हलली नाही. मीही हलले नाही. माशी येऊन तिच्या कपाळावर बसली तरी तिने हाकलली नाही. मग देठ हळूहळू वर आला आणि पानं उघडली. तिने पुन्हा शिवलं, या वेळी दोन पानांना. पुन्हा वाट पाहिली. ती पुन्हा उघडली. तेव्हा आईने दोन्ही हात उन्हात धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि माझ्याकडे न बघताच बोलली. मी तिथे आहे हे तिला केव्हापासून ठाऊक होतं कोण जाणे.

‘वैशाख होता गं,’ ती म्हणाली. ‘विहीर आटली होती आमची. मोगऱ्याला पाणी कमी पडलं असेल.’

वीस वर्षं झाली असतील त्या गोष्टीला. वीस वर्षांत ही साधी गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. मला हुंदका आला, पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती नुसती थक्क झाली होती, अण्णा उदबत्ती घेऊन झाले होते तशी.

‘ये इकडे,’ ती म्हणाली. ‘केस बघ कसे झालेत.’

मी गेले. ती बाजूला बसलेली, मी स्वयंपाकातली. मी तिच्यापुढे पाठ करून बसले आणि तिने माझे केस सोडले. बोटांनी गुंता काढला, तेल नव्हतं तर तळव्यानेच चापून बसवले, आणि घट्ट वेणी घातली. तिची बोटं माझ्या मानेला लागत होती आणि मी श्वास रोखून बसले होते. कठड्यावर लाजाळू उघडी होती.

वेणी झाल्यावर आई भानावर आली. ‘जा आता. डोक्यावरून आंघोळ करून घे. आणि अण्णांना बोलू नकोस.’

मी मोरीत गेले. तांब्यातांब्याने पाणी घेतलं आणि फरशीवर ओतलं, आवाज होईल असं. अंगावर एक थेंब घेतला नाही. मग तीच वेणी घेऊन पडवीच्या दारात येऊन उभी राहिले.

आईने माझ्या कोरड्या केसांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

‘भाताला वाफ आली का बघ,’ ती म्हणाली.